रात्र-रात्र फिरूनही यादी १३वरच का अडकते? नागपूरच्या रानातले बेडूक, सरडे, साप मोजताना येणारी अडचण

पोळा जवळ आला की दर वर्षी मला एक फोन हमखास येतो. आवाज दर वेळी वेगळा असतो, तक्रार मात्र तीच. "मॅडम, आठ रात्री झाल्या. यादी १३वर अडकली ती पुढे सरकतच नाही. या रानात एवढंच आहे असं लिहून टाकू का?"

लिहू नका. मी नागपुरात प्राणीशास्त्र शिकवते. गेले ११ पावसाळे विद्यार्थ्यांना घेऊन उमरेड, कुही, पारशिवनी, हिंगणा या बाजूच्या रानांत उभयचर आणि सरपटणारे प्राणी मोजते आहे. हा बिघाड मी स्वतःच्या गटातही दुरुस्त केला आहे आणि इतरांच्याही. रान खरोखरच रिकामं आहे असं त्यात क्वचितच निघालं. दिवा, वेळ, वेग किंवा बादली, यांतलंच काहीतरी चुकलेलं असतं.

आपलं रान कसं आहे हे आधी डोक्यात असू द्या. समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंचीचं, सखल, पानगळीचं. सागवान, ऐन, तेंदू, मोह, मधेमधे बांबू. वर्षाला साधारण १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. पाण्याशिवाय अंडी घालता न येणाऱ्या बेडकाला सगळा संसार त्या चार महिन्यांत उरकावा लागतो, काहींना तर चार-पाच रात्रींत. पुढच्या बहुतेक तपासण्या याच गोष्टीवर उभ्या आहेत.

लक्षणं

खालच्यांपैकी तीन जुळली तरी तुमचा बिघाड तोच आहे असं समजा.

- पहिल्या दोन रात्रींत यादी भरभर वाढली, नंतर रोज तेच खरखरीत कातडीचे भेक, तेच काठावरचे बेडूक, त्याच पाली.
- जमिनीत पुरून राहणारे बेडूक शून्य.
- साप सापडले ते सगळे डांबरी रस्त्यावर, अर्धे मेलेले. झाडीत एकही नाही.
- एकाच बोडीवर (छोट्या तळ्यावर) लागोपाठच्या रात्री दोन गट गेले आणि दोन वेगळ्या याद्या घेऊन आले.
- डेटाशीटवर "छोटा तपकिरी बेडूक" ही ओळ पानोपानी.
- प्राणी आत पडावेत म्हणून खड्ड्यात पुरलेल्या बादल्यांत पाणी, नाहीतर नुसते भुंगे.

आता सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करू. क्रम मोडू नका. लोक थेट बादल्या पुरायला धावतात आणि आठ दिवसांची मेहनत वाया घालवतात.

दिवा कुठे धरलाय?

खर्च शून्य. टॉर्च कमरेजवळ धरून चालत असाल तर बेडकांचे डोळे चमकताना दिसणारच नाहीत. डोळ्यातून परतलेला उजेड जिथून आला तिथेच जातो, म्हणून दिवा तुमच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. हेडलॅम्प कपाळावर बांधा किंवा टॉर्च कानशिलाला लावून धरा. निळसर-हिरवे बारीक ठिपके शेकड्याने चमकले तर ते कोळी आहेत. बेडकाचा डोळा जरा मोठा आणि मंद दिसतो.

सापाचा डोळा मात्र असा चमकत नाही. चमक शोधत फिरणाऱ्या गटाच्या यादीत बेडूक भरपूर आणि साप नसतात ते यामुळे. गटातल्या एकाला चमक सोडून फक्त आकार पाहायला सांगा: फांदीवरची नको तेवढी सरळ रेषा, पाचोळ्यातलं वेटोळं. हरणटोळ दिवसा हिरव्या पानांत डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, रात्री झुडपावर झोपलेला मात्र पटकन सापडतो. सरडेही फांदीच्या टोकाशी झोपतात आणि शॅमेलिऑन तर उजेडात इतका फिका दिसतो की वाळलेलं पानच वाटावं. नजर गुडघ्यापासून डोक्याच्या वर दोन हातांपर्यंत फिरली पाहिजे.

किती वेगाने चालता?

१०० मीटरला आम्ही किमान २० मिनिटं घेतो. विद्यार्थ्यांना हे फार जड जातं. त्याहून जलद चाललात तर तुम्ही सहलीला आलात, मोजणीला नाही.

याच तपासणीत डेटाशीट उघडा आणि माणूस-तास लिहिले आहेत का ते बघा. चार जण दोन तास शोधत होते तर ते आठ माणूस-तास. दोन गटांच्या याद्या जुळत नाहीत ही तक्रार निम्म्या वेळा इथेच मिटते: एका गटाने आठ माणूस-तास शोधलेलं असतं, दुसऱ्याने तीन. चहासाठी थांबलेला वेळ आणि फोटो काढण्यात गेलेला वेळ वजा करायचा.

घड्याळ

फक्त रात्रीच जाता का? मग धामण, सापसुरळी, घोरपड, गळ्याला पंखा असलेला सरडा यादीत येणार कुठून? पावसाळी ढग फाटून ऊन पडलं की सकाळी आठ ते अकरा हा त्यांचा वेळ. रात्रीचा पहिला फेरा अंधार पडल्यापासून दहापर्यंत बेडकांसाठी. मण्यारीसाठी त्याहून उशिरा थांबावं लागतं. एकाच जागेला दिवसाचा आणि रात्रीचा फेरा मिळाला नसेल तर यादी अर्धीच आहे असं धरा.

पाऊस कधी पडला आणि तुम्ही कधी गेलात?

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा बिघाड हा, म्हणून इथे थोडं थांबते.

आमच्या गटाची पहिली तीन वर्षं शनिवारच्या रात्रींत गेली. कॉलेजला रविवारी सुट्टी, म्हणून शनिवार. त्या तीन वर्षांत आम्हाला एकही युपेरोडॉन दिसला नाही. अंग फुगवून चेंडू होणारा, मागच्या पायांनी माती उकरत खाली जाणारा, वाळवी-मुंग्यांवर जगणारा हा बेडूक. अहवालात आम्ही तो "आढळला नाही" असं लिहून मोकळे झालो. चौथ्या वर्षी कुहीकडच्या एका बोडीवर शनिवारी गेलो तेव्हा सोबत असलेला वनमजूर म्हणाला, "अजी, तुम्ही बुधवारी यायले पाहिजे होते. फुगेवाले बेंडकं पुरी बोडीभर वरडत होते. आता काय भेटते!" मंगळवारी मोठा पाऊस झाला होता. बुधवार-गुरुवारी ते वर आले, जोड्या झाल्या, अंडी घातली आणि परत मातीत गेले. शनिवारी आम्ही उजेड पाडला तेव्हा पाण्यात त्यांची पिल्लं वळवळत होती आणि त्यांच्याकडे आम्ही पाहिलंच नाही.

असे बेडूक पहिल्या जोराच्या पावसानंतर एकदम बाहेर येतात. युपेरोडॉन, जमिनीत राहणारा स्फेरोथेका, आणि बैलबेडूकही. बैलबेडकाचा नर त्या एक-दोन दिवसांत पिवळाजर्द होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या फुगतात. आठवड्याने तोच बेडूक पुन्हा मातकट हिरवा झालेला असतो आणि विद्यार्थी त्याला दुसरीच जात समजतात.

म्हणून वार ठरवून जाणं बंद करा. नागपुरात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोचतो, पण वळवाचा मोठा पाऊस त्याआधीही येऊन जातो. आमच्या गटाचा नियम आता असा आहे: मृग लागल्यापासून सामान बांधलेलं, आणि त्या भागात मोठा पाऊस झाला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री निघायचं, वार कोणताही असो. यासाठी जंगलाशेजारच्या गावात एक ओळखीचा माणूस हवा. नागपूर शहरात कोरडं असताना पारशिवनीत धो-धो पडतो. खिडकीबाहेर पाहून ठरवता येत नाही.

वर्षाचा मोसम निघून गेला असेल तर एक आडवाट उरते: डबक्यांतली पिल्लं. जाळीने उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये बघा, फोटो काढा, तिथेच सोडा. पिल्लांवरून जात ओळखणं अवघड आहे, पण कोणीतरी इथे येऊन गेलं एवढं तरी कळतं.

कान

फोनचा रेकॉर्डर चालू करा. दर ठिकाणी दिवे बंद करून पाच मिनिटं गप्प उभं राहायचं आणि आवाज टिपायचा. वृक्षबेडूक लाकडावर ठोकल्यासारखा टक्-टक्-टक् करतो आणि बहुतेक वेळा हाताच्या टप्प्याबाहेर बसलेला असतो. मायक्रोहायला हा बेडूक नखाएवढा, पण कंगव्यावर नख ओढल्यासारखा त्याचा कर्रर्र आवाज सगळ्या बोडीभर येतो. न दिसणाऱ्या या दोघांमुळे कितीतरी याद्या दोनने वाढल्या आहेत. आवाजावरून केलेली नोंद वेगळ्या रकान्यात घ्या, पाहिलेल्यात मिसळू नका.

कुठे शोधता?

पाण्याच्या काठाने आणि पायवाटेने चालणं सोपं असतं म्हणून सगळे तिथेच चालतात. मग यादीही काठाची आणि पायवाटेची होते. कुजलेले ओंडके, सुटलेली साल, बांबूच्या बेटाचा बुडखा, वारुळाभोवतीची माती, जुन्या विहिरीची कपार, शेताचा धुरा (बांध), यांना वेळ वाटून द्या. दगड किंवा ओंडका स्वतःकडे उचला, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडच्या बाजूने निघून जाईल. हात घालायचा नाही, हुक किंवा काठी वापरायची. पाहून झालं की दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. खालचा ओलावा एकदा उडाला की ते घर पुढच्या मोसमापर्यंत कामाचं राहत नाही.

हाताला डास पळवायचं मलम लावून बेडूक हाताळू नका. त्यांची कातडी सगळं शोषते. एका तळ्यावरून दुसऱ्याकडे जाताना बूट आणि जाळी घासून, जंतुनाशकाने धुऊन, वाळवून घ्या. बेडकांच्या कातडीचा कायट्रिड बुरशीचा रोग चिखलाच्या बुटांवरूनही फिरू शकतो.

"छोटा तपकिरी बेडूक"

कित्येकदा यादी अडकलेली नसतेच, ओळख अडकलेली असते. एक फोटो पाठीचा, एक बाजूचा, ज्यात डोळ्यामागचा कानाचा पडदा दिसेल, एक मागच्या पायाच्या बोटांमधल्या पडद्याचा, आणि परवानगी असेल तर एक पोटाचा. सोबत पट्टी. एवढं असेल तर घरी बसून बरंच सुटतं. मागच्या पावलावर फावड्यासारखा कडक उंचवटा असेल तर तो खोदणारा, बोटांच्या टोकांना चकत्या असतील तर चढणारा.

जुन्या पुस्तकातली नावंही तपासा. भातखाचरात आणि गवतात उड्या मारणाऱ्या छोट्या बेडकांना आता मिनर्वारिया म्हणतात. त्यांच्या काही जाती नुसत्या फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत, तिथे "मिनर्वारिया, जात अनिश्चित" असं लिहिणं हेच बरोबर उत्तर आहे. मायक्रोहायलाचंही तसंच. २०१५मध्ये बांगलादेशातल्या निलफामारी जिल्ह्यावरून एका नव्या जातीला नाव मिळालं. ती भारतातही दूरवर पसरलेली आहे, हे नंतर स्पष्ट झालं. आधी सगळे सरसकट मायक्रोहायला ऑर्नाटा लिहीत असत.

सापांत घोळ होतो तो बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांच्यात, आणि तो जिवावर बेततो. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे बहुतेकदा मानेच्या बऱ्याच मागे सुरू होतात, शेपटीकडे ठळक असतात आणि पुष्कळदा जोडीजोडीने येतात. पाठीच्या मध्यरेषेवरचे तिचे खवले मोठे आणि षटकोनी. हे सगळं लांबून, फोटो मोठा करून पाहायचं. खात्री करण्यासाठी साप उचलायचा नाही. मेलेला दिसतो म्हणूनही नाही.

खोदण्याआधी कागदावर हिशोब

यादी खरंच अडकली आहे का, हे पेन्सिलीने कळतं. फक्त एकदाच दिसलेल्या जाती किती आणि बरोबर दोनदा दिसलेल्या किती ते मोजा. पहिल्या आकड्याचा वर्ग करा, दुसऱ्याच्या दुपटीने भागा आणि उत्तर यादीत मिळवा. समजा १४ जाती मिळाल्या, त्यातल्या ६ एकेकदा आणि २ दोनदोनदा. ६ गुणिले ६ म्हणजे ३६, भागिले ४ म्हणजे ९. मग त्या रानात कमीत कमी २३ जाती असाव्यात असा अंदाज निघतो. अॅन चाओ यांनी १९८४मध्ये मांडलेली ही रीत आहे आणि ती खालची मर्यादा सांगते, वरची नाही. एकदाच दिसलेली एकही जात नसेल तर तुमच्या पद्धतीने सापडण्यासारखं बहुतेक सापडलं आहे. आता पद्धत बदला, रात्री वाढवू नका.

दुसरा हिशोब फेऱ्यांचा. एखादा प्राणी तिथे असूनही एका फेरीत दिसायची शक्यता १०मध्ये ३ असेल, तर तीन फेऱ्यांनंतरही तो निसटण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के राहते. सहा फेऱ्यांनी ती १२ टक्क्यांवर येते. एकदा जाऊन "नाही" लिहिणं म्हणजे नाणं एकदाच उडवून निकाल देण्यासारखं आहे.

हे मी इतकं धरून बसते, त्याला एक कारण आपल्या शेजारचं आहे. अंडीखाऊ सापाचं वर्णन १८६३चं. दीड शतकाच्या आसपास तो पूर्वेकडच्या मोजक्या नमुन्यांवरूनच ओळखला जात होता. महाराष्ट्रातली त्याची पहिली नोंद २००५मध्ये प्रसिद्ध झाली ती वर्ध्याहून, आणि पुढे विदर्भात इतरत्रही तो सापडला. नागपूरहून वर्धा दीड तासाच्या वाटेवर आहे. तो साप त्या वर्षी काही तिथे राहायला आला नव्हता.

बादल्या आणि कुंपण

सगळ्यात महाग, सगळ्यात कष्टाची आणि चुकीची लावली तर प्राणी मारणारी तपासणी. वरचं सगळं झाल्यावरच.

२० लिटरच्या बादल्या तोंड जमिनीला समपातळीत येईल अशा पुरायच्या, मधून अर्धा मीटर उंच प्लास्टिकचं कुंपण न्यायचं, त्याची खालची कड मातीत गाडायची. प्राणी कुंपणाला अडतो, कडेने चालत येतो आणि बादलीत पडतो. पाचोळ्यात लपणाऱ्या सापसुरळ्या, वाळा जातीचे आंधळे साप, स्फेरोथेका यांच्यासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आपल्याकडे हे फसतं ते काळ्या मातीमुळे. पुस्तकात बादलीला तळाशी भोकं पाडायला सांगतात, म्हणजे पाणी निचरतं. पण काळी माती एकदा भिजून टच्च झाली की पाणी त्याच भोकांतून खालून वर येतं. भोकं नसतील तर रिकामी बादली होडीसारखी वर उचलली जाते आणि सकाळी कुंपणाशेजारी आडवी पडलेली सापडते. दोन्ही आम्ही भोगलं आहे. उपाय एकच टिकला: काळी माती सोडून मुरमाड उतार शोधायचा, भोकं पाडायची, बादलीच्या कानांतून तार ओवून दोन खुंट्यांना बांधायची. आत ओला पाचोळा, एक ओला स्पंज आणि थर्माकोलचा तुकडा ठेवायचा, म्हणजे पाणी शिरलंच तर चिचुंदरीला आणि सरड्याला तरंगायला आधार राहील.

पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बघायलाच हवं. दुपारपर्यंत राहिलेला बेडूक वाळून मरतो. जमत नसेल त्या दिवशी झाकणं घट्ट लावा, काम संपलं की बादल्या उपटून खड्डे बुजवा. बादलीत वृक्षबेडूक नाही याचा काही अर्थ काढू नका. तो चकत्यांच्या बोटांनी चढून निघून जातो. मोठे सापही तसेच.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

कोणाला साप चावला तर सर्वेक्षण त्या क्षणी संपलं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठ्या-कडी काढायची, अवयव हलू द्यायचा नाही, वेळ लिहून ठेवायची आणि १०८ला फोन करून निघायचं. मण्यारीचा दंश कित्येकदा दुखतही नाही. पापण्या जड होणं, पोटात दुखणं नंतर सुरू होतं, म्हणून "काही होत नाहीये" यावर थांबू नका. सर्वात जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरची लस आहे हे निघण्याआधी विचारून ठेवलेलं असावं.

विषारी साप मोजायला किंवा हलवायला लागणार असेल तर प्रशिक्षित, वनविभागाची परवानगी असलेल्या माणसालाच बोलवा. जखमी साप सापडला तर नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. वाघ-अस्वलाच्या रानात वनरक्षक "परत फिरा" म्हणाला की वाद न घालता फिरायचं. डुकरांसाठी शेताला सोडलेल्या विजेच्या तारांमुळे रात्री अनोळखी धुऱ्यावरून आडवं जायचं नाही, विजा कडाडत असताना पाण्यात उभं राहायचं नाही.

एकाच तळ्यावर बरेच बेडूक मेलेले किंवा सुस्त, पोटाची कातडी लालसर दिसले तर गोळा करत बसू नका. ठिकाण आणि फोटो घेऊन वनविभागाला आणि पशुवैद्यकाला कळवा, ते बूट दुसऱ्या तळ्यावर नेऊ नका. फोटोंवरून तीन जाणकारांची तीन मतं झाली तर जात ठरवण्याचा हट्ट सोडा. तिथून पुढे नमुने आणि डीएनएचं काम लागतं. त्यासाठी पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे आणि परवानगीशिवाय नमुना घेणं हा गुन्हा आहे.

आणि तुम्ही हे पोळ्याच्या आसपास वाचत असाल तर एक गोष्ट मान्य करावी लागेल: पहिल्या पावसाच्या त्या चार रात्री गेल्या, या वर्षीचा तेवढा बिघाड दुरुस्त होणार नाही. अहवालात माणूस-तास, तारखा आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहा, आणि न दिसलेल्यांपुढे "आढळला नाही" ऐवजी "पहिल्या पावसात पाहणी झाली नाही" असं लिहा. पुढच्या वर्षीच्या रात्रीच्या परवानगीचा अर्ज होळीच्या सुमारास द्या. मृगात दिलेल्या अर्जाची परवानगी येईपर्यंत युपेरोडॉन मातीत परत गेलेला असतो.